आवाज येतोय, मग चित्र का नाही? कोडेकची छोटी गोष्ट

आजचा भाग छोटा आहे, पण कदाचित तुमची एखादी फाइल वाचवेल.

मागच्या दिवाळीत आजी चकल्या कशा करते ते मी फोनवर शूट केलं. फाइल घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकली आणि जागा हवी म्हणून फोनमधून उडवली. नंतर लावली, तर आजीचा आवाज येतोय पण स्क्रीन काळी! बाबा म्हणाले, "खराब झालीय रे, टाक डिलीट करून."

थांबा. फाइल ठणठणीत होती.

आधी हिशोब बघा. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मिनिटाला ११ जीबी! एवढं कोण साठवणार? म्हणून फोन मागची भिंत, ओटा असं न बदलणारं पुन्हा पुन्हा लिहीत नाही. मुख्यतः काय हललं तेवढंच लिहितो. असं आटोपशीर लिहिणारा तो कोडर, ते वाचून परत चित्र उभं करणारा डीकोडर. दोघं मिळून कोडेक.

मग एमपी४ म्हणजे काय? तो नुसता डबा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. आमच्या डब्यात आवाज होता एएसी, तो कॉम्प्युटरला कळत होता. चित्र मात्र एच.२६५, म्हणजे २०१३ चं. कॉम्प्युटरला येत होतं २००३ चं एच.२६४. म्हणून आवाज आला, चित्र अडलं.

उपाय? व्हीएलसी प्लेअर. तो स्वतःचे डीकोडर सोबत घेऊन येतो. आजी दिसली! थोडी अडखळत, कारण एच.२६५ उलगडायला जुन्या प्रोसेसरला जास्त मेहनत पडते. त्याच प्लेअरच्या 'टूल्स' मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' उघडलं की डब्यात काय आहे ते कळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाइलच्या नावातलं एमपी४ खोडून एव्हीआय लिहिलं, तर फक्त लेबल बदलतं, आतला माल तोच. आणि एच.२६४ मध्ये कन्व्हर्ट केलंत, तर व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, थोडा तपशील कायमचा जातो. म्हणून कन्व्हर्ट केलेली फाइल वेगळी ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका.

फाइल चालत नाही म्हणजे ती मेली असं नाही. कदाचित तुमच्या कॉम्प्युटरला तिची भाषा येत नसेल. डिलीट करण्याआधी एकदा तपासा. भेटू पुढच्या भागात!