पकड कधी सोडायची?

ज्युदोच्या वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवता, असं मला पुष्कळजण विचारतात आणि उत्तर ऐकून थोडे निराश होतात. कारण पहिल्या दिवशी मी ना फेक शिकवतो, ना पकड. शिकवायच्या गोष्टी दोनच. पडायचं कसं आणि थाप कशी द्यायची. प्रतिस्पर्ध्यानं हात किंवा गळा पकडला आणि आता सहन होत नाही असं वाटलं, की मॅटवर नाहीतर त्याच्या अंगावर हातानं दोन वेळा थापटायचं. समोरच्यानं त्या क्षणी पकड सोडायची. का, कशाला, खरंच दुखतंय का, असे प्रश्न नाहीत. आपल्याकडे थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं. ज्युदोत मात्र तिच्याइतकं खरं दुसरं काही नाही.

मी हा खेळ तीसेक वर्षं शिकवतो आहे. मधली काही वर्षं पोलीस प्रशिक्षणार्थींनाही शिकवलं. तिथं या विषयाला 'अनआर्म्ड कॉम्बॅट' म्हणत, पोरं त्याचं 'यूएसी' करत, आणि शिकवणाऱ्याला अर्थात 'उस्ताद'. एका सकाळी जोड्या लावून गळ्याच्या पकडीचा सराव चालू होता. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एका मुलाचं कोपर नीट बसवत होतो. मागे वळून पाहिलं तर एक धिप्पाड प्रशिक्षणार्थी जोडीदाराला मागून धरून बसलेला, आणि जोडीदाराचे पाय सैल पडलेले. मी ओरडलो तेव्हा त्यानं हात काढला. पोरगा काही सेकंदांत डोळे उघडून, 'काय झालं?' म्हणून विचारू लागला. झालं होतं ते असं, की त्याचा एक हात अंगाखाली आणि दुसरा जोडीदाराच्या मांडीखाली अडकला होता. थाप द्यायला हातच नव्हता. म्हणून तो पाय झाडत होता. पकड धरणारा मला म्हणाला, "उस्ताद, तो सुटायला बघत होता, म्हणून मी आणखी आवळलं."

त्याची यात काही चूक नव्हती. लक्ष माझं नव्हतं. पण त्याच्या त्या एका वाक्यात या विषयातली सगळी अडचण आहे, हे कळायला मला बराच काळ लागला.

ज्युदो मुळात पोलिसांसाठी निर्माण झालेला नाही. जपानमध्ये सामुराईंच्या काळापासून जुजुत्सूचे अनेक आखाडे होते. त्यातले जीवघेणे प्रकार बाजूला काढून जिगोरो कानो या तरुण शिक्षकानं 1882 साली टोकियोतल्या एका देवळात 'कोदोकान' ही आपली शाळा सुरू केली. पुढच्या काही वर्षांतच टोकियो पोलिसांनी ज्युदोला जवळ केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ज्युदो, जुजुत्सू, केंडो यांतून वेचून 'ताइहोजुत्सू' म्हणजे अटक करण्याची विद्या अशी वेगळी पद्धतच बांधली. आपल्याकडे ज्युदो आला तो मात्र पोलिसांच्या दारानं नव्हे. रवींद्रनाथ ठाकूरांनी 1929 साली शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून घेतलं आणि मुलांबरोबर मुलींनाही ही विद्या शिकवली.

पोलिसाला या विद्येतलं काय हवं असतं? त्याला समोरच्याला हरवायचं नसतं. बेड्या घालता येतील एवढा वेळ तो माणूस एका जागी राहिला की पुरे. मनगट, कोपर किंवा खांदा हे सांधे ज्या दिशेला वळत नाहीत त्या दिशेला हलकेच नेले की मोडायच्या आधी दुखतं, आणि दुखलं की माणूस आपोआप ज्या बाजूला दुखत नाही त्या बाजूला झुकतो. साठ किलोचा शिपाई नव्वद किलोच्या माणसाला जमिनीकडे नेऊ शकतो तो यामुळेच. लाठीनं हाड मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे सगळं दुखण्यावर चालतं. भरपूर दारू प्यायलेला, नशेतला किंवा मनाचा तोल गेलेला माणूस ते दुखणं मानतच नाही. तिथं शिपाई जोर वाढवत जातो आणि सांधा निखळतो.

गळ्याची गोष्ट याहून नाजूक. गळ्याच्या पकडी दोन तऱ्हेच्या. एकीत कोपराच्या खोबणीत मान धरून दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या जातात. मेंदूकडचं रक्त कमी झालं की साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि लगेच सोडलं तर तितक्याच लवकर शुद्धीवर येतो. दुसरीत हाताचं हाड पुढून श्वासनलिकेवर येतं. ती नलिका कूर्चेची, दाबली गेली तर चेमटते. मॅटवर या दोहोंतला फरक मी बोट ठेवून दाखवू शकतो. पण हातापायी करणारा माणूस मान वळवतो आणि पहिलीची दुसरी व्हायला अर्धा सेकंद पुरतो.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांना या दोन्ही पकडी शिकवल्या जात. 6 ऑक्टोबर 1976 च्या रात्री दोन वाजता त्यांनी अ‍ॅडॉल्फ लायन्स या चोवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार अडवली. कारण, मागचा दिवा गेलेला. त्याच्या तक्रारीप्रमाणे त्यानं काही विरोध केला नव्हता. तरी गळा आवळला गेला आणि तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा तोंडात रक्त आणि माती होती. मग पोलिसांनी त्याच्या हातात दिव्याबद्दलची पावती ठेवली आणि सोडून दिलं. तो कोर्टात गेला. 1983 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तुझाच गळा पुन्हा धरला जाईल हे तू दाखवू शकत नाहीस, म्हणून पोलिसांना मनाई करता येत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांचं विरोधी मतपत्र. 1975 पासून या पकडींनंतर सोळाजण मेले आणि त्यांतले बारा कृष्णवर्णीय पुरुष होते, हे त्यांनी नोंदवलंच. पण त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. गळा आवळला की माणूस धडपडतो. ती धडपड त्याच्या इच्छेची नसते, हवा मागणाऱ्या शरीराची असते. पोलिसाला मात्र तो विरोध वाटतो आणि तो पकड आणखी घट्ट करतो. ते वाचताना मला माझा धिप्पाड प्रशिक्षणार्थी दिसला. 'सुटायला बघत होता, म्हणून आणखी आवळलं.'

निकाल लागण्याआधीच, 1982 साली, तिथल्या पोलीस मंडळानं श्वासनलिकेची पकड बंद केली आणि दुसरी प्राणघातक शस्त्राच्या बरोबरीची ठरवली, म्हणजे जिवावर बेतलं तरच वापरायची. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मनाई झाली तरी तिच्या जागी नवं काही शिकवायला तितका वेळ दिला गेला नाही. मग हात दंडुक्याकडे गेला. 3 मार्च 1991 च्या रात्री रॉडनी किंगला त्याच शहरात पोलिसांनी दंडुक्यांनी बडवलं. ती चित्रफीत जगानं पाहिली, तेव्हा गळ्याची पकड काढून घेतल्यामुळेच ही वेळ आली, असं पोलिसांच्या बाजूनं सांगितलं गेलं. मला हे समर्थन मुळीच पटत नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाला पन्नासाहून अधिक फटके मारायला कसलीच पळवाट नाही. पण शिपायाच्या हातातलं एक काढून घ्यायचं आणि दुसरं द्यायचं नाही, यानं काय होतं ते त्यातून दिसतं खरं.

आता जमिनीवरच्या माणसाबद्दल. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो. पोलिसाचं उलट असतं. बेड्या मागे घालायच्या म्हणून तो माणसाला पालथा पाडतो आणि गुडघा टेकवून वजन देतो. श्वास घेताना बरगड्या फाकतात आणि पोट बाहेर येतं. पालथ्या माणसाच्या पाठीवर दोन-तीनजण बसले, तर या दोन्ही गोष्टी अडतात. त्यात तो धावून दमलेला असेल, जाड असेल, प्यायलेला असेल, तर मिनिटं मोजायची वेळ येते. तो 'मला श्वास घेता येत नाही' म्हणतो, आणि वर बसलेले म्हणतात, 'बोलतोस ना, म्हणजे श्वास चाललाय.' हे अगदी चुकीचं आहे. चार शब्द फुटायला लागणारी हवा आणि जगायला लागणारी हवा यांत फार अंतर असतं. बेड्या लागल्या की माणसाला ताबडतोब पोटावरून उठवा, ही सूचना अमेरिकेच्या न्याय खात्यानं 1995 सालीच पोलिसांना दिलेली होती.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 25 मे 2020 ला, मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड बेड्या घातलेल्या अवस्थेत साडेनऊ मिनिटांच्या आसपास गुडघ्याखाली पालथा होता. ते सगळं पुन्हा सांगत नाही. दोनच तपशील सांगतो, कारण ते आमच्या विद्येशी संबंधित आहेत. फुटपाथवरच्या गर्दीत मार्शल आर्ट्सचा एक खेळाडू उभा होता. ही रक्त अडवणारी पकड आहे हे त्यानं ओळखलं आणि तो ओरडून सांगत राहिला. पुढे खटल्यात त्यानं तशी साक्षही दिली. आणि पाय धरून बसलेल्या, नोकरीत नुकत्याच लागलेल्या पोलिसानं वरिष्ठाला विचारलं होतं, याला कुशीवर वळवूया का? वरिष्ठ नाही म्हणाला. म्हणजे थाप दोनदा दिली गेली होती. एकदा बाहेरून, एकदा आतून.

आपल्याकडे कायदा याबाबत मुका नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 49 मध्ये एकच वाक्य होतं. अटक केलेल्या माणसाला, तो पळू नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 46 म्हणून आलं. मी वर्गात ते फळ्यावर लिहीत असे. पण 'लागेल त्याहून जास्त' हे हातांना शिकवायचं कसं? चार दिवसांत पंधरा डाव दाखवून नाही. अर्धवट आलेला डाव घाबरलेल्या शिपायाच्या हातात सगळ्यात धोकादायक. ज्याला रोजच्या सरावानं स्वतःच्या हाताचा भरवसा आला आहे, तोच जोर कमी ठेवू शकतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा या लहानशा शहरात 2019 पासून नव्या पोलिसांना ब्राझिलियन जुजुत्सूचे नियमित वर्ग सक्तीचे झाले. त्यानंतर पोलिसांच्या आणि पकडलेल्यांच्याही दुखापती बऱ्याच कमी झाल्या, असं त्या खात्यानंच जाहीर केलं. आकडे त्यांचेच आहेत, तेव्हा थोडं जपून घ्यावं. पण मला नवल वाटलं नाही.

त्या सकाळीनंतर मी माझा वर्ग बदलला. गळ्याची पकड काढूनच टाकली. खेळाडूंना शिकवतो, पोलिसांना नाही. आणि जोडीऐवजी तिघांचा गट केला. दोघे झटापट करणार, तिसरा उभा राहून फक्त खालच्याचा चेहरा बघणार. त्यानं खांद्यावर हात ठेवला की सोडायचं, मग तो हुद्द्यानं कितीही खालचा असो. हे शेवटचं काही वरिष्ठांना रुचलं नाही, तो भाग वेगळा.

एकदा एका फौजदारांनी मला विचारलं, "सर, रात्रीच्या गस्तीला दोघंच असतो आम्ही. तुमचा तिसरा कुठून आणायचा?" प्रश्न रास्त होता. तेव्हापासून एक सवय लावून घेतो. बेडीचा खटका वाजला की दोघांनीही मोठ्यानं म्हणायचं, "बेडी लागली, कुशीवर!" आणि म्हणता म्हणता माणूस वळवून, उठवून बसवायचा. पहिला आठवडाभर पोरं हे म्हणताना हसतात. मी त्यांना हसू देतो, पण रोज पन्नास वेळा म्हणायला लावतो.