तीच गाडी, नवे भाग : जुन्या रोल्स-रॉईसची निगा आणि 'तेच असणं'

गेल्या वेळी आपण तादात्म्याच्या प्रश्नापाशी थांबलो होतो. वस्तू सतत बदलत असते, तरी 'ही तीच' असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? व्याख्यानानंतर दोघातिघांनी मला गाठून सांगितलं, "सर, थीसियसचं जहाज आणि मिलिंद राजाचा रथ ऐकून कान किटले. आता काहीतरी आजचं घ्या." तक्रार रास्त आहे. म्हणून आज रथच घेतो, पण इंग्लंडातला. रोल्स-रॉईस. (हशा)

माझा एक जुना विद्यार्थी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. तत्त्वज्ञान सोडून इंजिनिअरिंगकडे गेला, त्यामुळे त्याचं बरं चाललं आहे. (हशा) त्याच्याकडे १९७३ सालची सिल्व्हर शॅडो आहे. त्याच्याकडे महिनाभर राहिलो तेव्हा त्या गाडीखाली वाकून वाकून मी जे शिकलो, ते आज सांगणार आहे. शेवटी एक खरा पेच आहे. तो त्याच्यापुढे होता आणि त्यानं माझ्यापुढे टाकला.

आधी गाडी समजून घेऊ. सिल्व्हर शॅडो १९६५ ते १९८० या काळात क्रू इथल्या कारखान्यात तयार झाली. त्याआधीच्या रोल्स-रॉईसमध्ये खाली लोखंडी चौकट, म्हणजे चॅसी, आणि तिच्यावर वेगळी बांधलेली बॉडी असे. चॅसी कंपनीची आणि बॉडी एखाद्या दुसऱ्या कारागिराची, असंही चालत असे. शॅडोमध्ये चौकट आणि बॉडी एकच झाली. याला मोनोकॉक म्हणतात. गाडी मजबूत झाली, पण एक अडचण आली. जुन्या गाडीची बॉडी गंजली तर चौकट शाबूत राहायची. इथे दाराखालचा पत्रा गंजला म्हणजे गाडीचा कणाच गंजला. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा गंज हमखास येतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. साध्या गाडीत आपल्या पायाचा जोर तेलामार्फत चाकापर्यंत जातो. शॅडोमध्ये इंजिनावर चालणारे दोन पंप तेल दाबानं दोन गोलाकार टाक्यांत साठवतात. प्रत्येक टाकीत एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल आणि मध्ये रबराचा पडदा. हे तंत्र सित्रोएन या फ्रेंच कंपनीकडून परवाना घेऊन आणलेलं. त्याच दाबावर गाडीची मागची बाजू आपोआप समतल राहते. मागे तीन धष्टपुष्ट पाहुणे बसले तरी गाडी बसत नाही.

या टाक्यांची तब्येत पाहायची एक सोपी रीत माझ्या विद्यार्थ्यानं दाखवली. इंजिन चालवून दाब भरू द्यायचा, मग इंजिन बंद करून नुसती किल्ली चालू ठेवायची आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा. टाक्या चांगल्या असतील तर बऱ्याच वेळा दाबल्यावर धोक्याचा दिवा लागतो. दोन-चारदा दाबताच लागला, तर आतला नायट्रोजन गेला म्हणून समजायचं. बघा, किती सुंदर परीक्षा आहे! काही उघडायचं नाही, फक्त मोजायचं.

आता तेल. शॅडोचं ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून ठरावीक काळानं ते बदलावंच लागतं. १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये मात्र खनिज तेल असतं. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं की रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत एका गॅरेजवाल्यानं नेमकं हेच केलं होतं. हेतू वाईट नव्हता. 'रोल्स-रॉईसचं तेल' एवढंच त्यानं पाहिलं, कुठल्या रोल्स-रॉईसचं हे पाहिलं नाही. सामान्य आणि विशेष यांतला भेद चुकला की काय होतं, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. त्या पोराला ते एका बिलानं शिकवलं. (हशा)

आणखी एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट आहे. आपल्याला वाटतं, महागाची वस्तू न वापरता झाकून ठेवली की टिकते. ही गाडी उभी ठेवली की बिघडते. सील कोरडे पडतात, नळ्यांत ओल साचते, ब्रेक जाम होतात. म्हणून जाणकार गिऱ्हाईक कमी चाललेली गाडी पाहून हुरळत नाही. तो बिलांची फाईल मागतो: कुठलं काम कधी झालं आणि कोणी केलं. आज इंग्लंडात जुनी शॅडो एखाद्या साध्या नव्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळू शकते. पण स्वस्तात मिळालेली रोल्स-रॉईस सगळ्यात महाग पडते, असं तिथले मालक हसत हसत सांगतात. ही फाईल लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता मूळ प्रश्न. टाक्या बदलल्या, पंप बदलले, नळ्या बदलल्या, पत्रा बदलला. मग गाडी तीच का? नैयायिकांचं उत्तर कडक आहे. कापडातला एक धागा काढला तरी जुना पट नष्ट झाला आणि नवा, खंडपट, निर्माण झाला. 'तेच कापड' हे आपण साम्यामुळे म्हणतो. तर्क म्हणून चोख, पण या हिशोबानं माझ्या विद्यार्थ्यानं गेल्या पाच वर्षांत शंभरेक गाड्या बाळगल्या.

हा प्रश्न खरोखरच लंडनच्या न्यायालयात गेला होता. गाडी बेंटलीची, नाव 'ओल्ड नंबर वन'. हिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पहिल्या वर्षी वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन चालवत होते, दुसऱ्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. पुढे शर्यतींसाठी तिच्यात बदल होत गेले, आठ लिटरचं इंजिन बसलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. नंतर ती पुन्हा बांधली गेली.

सुमारे एक कोटी पौंडांना ती विकायचा करार झाला आणि खरेदीदार मागे हटला. म्हणाला, ही ओल्ड नंबर वन नाहीच. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ च्या गाडीतलं खात्रीनं सांगता येईल असं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं, १९३० मधलेही मोजकेच तुकडे होते. तरीही निकाल मालकाच्या बाजूनं लागला. 'मूळ' हा शब्द या गाडीला लावता येणार नाही, पण ती 'अस्सल' आहे. कारण बदल एका सलग इतिहासात, टप्प्याटप्प्यानं झाले आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. हॉब्जनं विचारलं होतं, जहाजाच्या काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? प्रतिस्पर्धी उभा राहिला की पेच पडतो. बेंटलीला प्रतिस्पर्धी नव्हता.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयानंही याचं एक उत्तर दिलं होतं, आणि तेही गुण देऊन! फार बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येईल का, यासाठी अनेक वर्षं हा हिशोब होता: चॅसी किंवा मोनोकॉक मूळचा, किंवा कंपनीकडून तसाच नवा आलेला असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. चौदापैकी किमान ८ हवेत. आपण इंजिनाला गाडीचं काळीज म्हणतो आणि कार्यालय त्याला एक गुण देत होतं! माझे दोन्ही गुडघे धातूचे आहेत. त्या कार्यालयात किती गुण मिळाले असते, देव जाणे. (हशा)

तेव्हा तीन शब्द वेगळे ठेवू या. 'मूळ' हा भागांचा गुण आहे: कारखान्यातून आलेला भाग अजून तिथेच आहे. 'तीच' हा सातत्याचा गुण आहे: मधला दुवा तुटलेला नाही. आणि 'अस्सल' हा दाव्याचा गुण आहे: जे सांगितलं जातं ते पुराव्यानं खरं ठरतं. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दगड बदलतात, पण देऊळ तेच म्हणतो. मूळ नाही, पण तेच. आणि बिलांची ती फाईल कशाचा पुरावा? सातत्याचा. ज्यानं काळजी घेतली, त्यानंच ते सातत्य घडवलं. निगा नसती तर तादात्म्याचा प्रश्नच उरला नसता, भंगार उरलं असतं.

आता तो पेच. शॅडोचा खालचा पत्रा बराच गंजला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. जुन्या गाड्यांचं काम करणारे एक म्हातारे कारागीर त्याला म्हणाले, "मोडून टाक. हिच्या भागांवर दुसऱ्या पाच गाड्या चालतील." विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, एक वाचवायची की पाच?"

मी म्हणालो, "त्या पाचही गाड्या त्याच राहतील, यात तुझी गाडी राहणार नाही. पण त्यामुळे मोडणं चूक ठरत नाही. सातत्य ही वस्तुस्थिती आहे. ते टिकवायचंच असं कर्तव्य त्यातून आपोआप निघत नाही. ते तू पत्करलंस तरच तुझ्यावर येतं." तो दोन दिवस गप्प होता. मग त्यानं ठरवलं: ब्रेक आणि कणा, म्हणजे ज्यावर लोकांचा जीव अवलंबून आहे, ते पूर्ण नवं करायचं. भेगाळलेलं कातडं आणि फिकट रंग तसाच ठेवायचा. ज्या जास्तीच्या दोन टाक्या त्यानं जमवून ठेवल्या होत्या, त्या कारागिराला देऊन टाकल्या, दुसऱ्या कोणाच्या गाडीसाठी.

त्याचा निर्णय बरोबर होता असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्यानं काय ठेवलं, काय बदललं आणि का, हे फाईलमध्ये तारखेसह लिहून ठेवलं आहे. पुढचा मालक निदान खरं वाचेल.

पुढच्या वेळी हाच प्रश्न माणसाला लावू. माणसाची फाईल कोण ठेवतं, तिथून सुरुवात करू.