दुय्यम गाठ

आमच्या मानवतमधल्या एका निवृत्त मास्तरांचे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झाले होते. दोन वर्षे बरी गेली. मग चालताना तोल जाऊ लागला, सकाळी डोके ठणकून ओकारी होऊ लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूत ‘दुय्यम गाठ’ असल्याचे सांगितले. सूनबाई मला विचारू लागल्या, ‘‘सर, तुम्ही मराठीचे. दुय्यम म्हणजे किरकोळच ना? मग डोकं कशाला उघडायचं?’’

प्रश्न वाजवी होता. दुय्यम निबंधक म्हणजे हाताखालचा अधिकारी, हे आपण जाणतो. वैद्यकात मात्र दुय्यम म्हणजे धाकटी नव्हे, तर मूळ जागा सोडून दुसरीकडे वस्तीला गेलेली. मेंदूत वाढली तरी तिच्या पेशी आतड्याच्याच!

आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, मग हृदयावाटे फुप्फुसात आणि त्यानंतर मेंदूकडे. या दोन चाळण्यांतून फार थोड्या पेशी निसटतात. म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत फार तर चारेकांच्या मेंदूत गाठ होते. ती पुष्कळदा मागच्या बाजूला, लहान मेंदूत बसते. तेथे जागा अपुरी. मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबते आणि दाब वाढतो. मास्तरांचा तोल जात होता तो यामुळे.

अशा वेळी गाठ काढली की दाब उतरतो. पण आयुष्य वाढते का? अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूत एकच गाठ असलेले ४८ रोगी होते. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे अधिक. ज्यांना नुसते किरण दिले, त्यांतले निम्मे १५ आठवड्यांपलीकडे जगले. ज्यांची गाठ काढून मग किरण दिले, त्यांतले निम्मे ४० आठवड्यांपलीकडे. फरक पंचवीस आठवड्यांचा. आपल्या पंचांगात सांगायचे तर दिवाळी ते अक्षय्यतृतीया!

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला घातला. आज गाठ काढल्यावर त्या पोकळीपुरतेच नेमके किरण देता येतात. लहान गाठींना तर कित्येकदा सुरीही लागत नाही. मात्र मूळ रोग शरीरभर पसरला असेल, गाठी अनेक असतील किंवा रोगी खचला असेल, तर डोके उघडून लाभ थोडा.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्या : गाठ एकच आहे का? पोटातला रोग आटोक्यात आहे का? ऑपरेशननंतर माणूस आपल्या पायांनी चालेल का? चौथा प्रश्न रोग्यालाच विचारायचा असतो आणि आपल्या घरांतून नेमका तोच राहून जातो. सूनबाईंनी तो विचारला. मास्तर म्हणाले, ‘‘मला तोल सांभाळून अंगणात जाता आलं, तरी पुष्कळ झालं.’’

त्याच आठवड्यात मंडळी मानवत रोडला मुंबईच्या गाडीत बसली.