रुग्णालयाचे तीन तुकडे होत नाहीत

पैसा वाटता येतो, रुग्णालय नाही. २०१२ मध्ये दिल्ली महापालिकेचे उत्तर, दक्षिण व पूर्व असे त्रिभाजन झाले तेव्हा बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांच्या नावाचे हिंदूराव रुग्णालय उत्तरेच्या वाट्याला आले. सधन वसाहतींचा मालमत्ता कर मात्र मुख्यत्वे दक्षिणेकडे गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये थकीत वेतनासाठी येथील निवासी डॉक्टरांना आंदोलन करावे लागले.

दोष केवळ हेतूंचा नव्हे. अविभाज्य अशा २० मालमत्ता तिघांत वाटण्याचे सुमारे ३४९ कोटी पर्याय संभवतात; आणखी एक मालमत्ता वाढली की ते तिप्पट होतात. प्रत्येकीचे मोल ठाऊक असूनही दोघांत समसमान वाटणी होऊ शकते का, हे ठरवणेदेखील संगणनदृष्ट्या दुर्घट असल्याचे रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्येच दाखवले. पाळीपाळीने निवड केल्यास हेवा फार तर एका वस्तूपुरता उरतो. पण जागचे न हलणारे रुग्णालय निवडीला येतच नाही. तिथे तफावत निधीनेच भरून काढावी लागते.

२०२२ मध्ये महापालिका पुन्हा एक झाली. ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा करणाऱ्या महाराष्ट्रानेही पुढील विभाजनात सीमारेषेआधी हा हिशेब मांडावा.