मोटारीचे टायर : आकार, नक्षी आणि पावसाळी रस्ता

जून उलटला की आंबोली, ताम्हिणी, माळशेज यांसारख्या घाटांतून जाणाऱ्या मोटारचालकास रस्ता काळा दिसत नाही, चकाकता दिसतो. डोंगरउतारावरून आलेले पाणी वळणावर रस्ता ओलांडून दरीकडे जात असते. अशा वेळी वाहनाची आणि त्यातील माणसांची सारी भिस्त चार लहान तुकड्यांवर असते. प्रत्येक टायर रस्त्याला ज्या जागेत टेकलेला असतो, ती जागा साधारणतः मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी भरते. इंजिन कितीही शक्तिमान असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, त्यांचे सामर्थ्य रस्त्यापर्यंत पोहोचते ते या चार तळहातांमधूनच. असे असूनही नवे वाहन घेताना रंग, आसने, प्रति लिटर धाव यांची जेवढी विचारपूस होते, तेवढी टायरची होत नाही. टायर बदलावयाची वेळ आली म्हणजे तर ‘जे स्वस्त असेल ते घाला’ किंवा ‘जरा रुंद घाला, गाडी उठून दिसेल’ या दोन वाक्यांवरच निर्णय होऊन जातो.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना चाक आणि त्यावरील आवरण यांचे माप जुळण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. लोहार लोखंडी धाव तापवून फुगवी, ती चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. थंड होताना आक्रसणारी धाव लाकडी चाकाला आवळून धरी. माप थोडे चुकले तरी धाव निसटे किंवा चाक दबे. रबरी धावेचेही तसेच आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे एकस्व घेतले, पण त्या काळी ते रुजले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी अशी धाव तयार केली आणि तिचा प्रसार झाला. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला अनेक गावांत आजही डनलॉपची गाडी म्हणतात, ते याच नावावरून.

टायरवरील आकडे काय सांगतात

टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत एक ओळ असते. मध्यम आकाराच्या अनेक कौटुंबिक मोटारींवर ती १८५/६५ आर १५ ८८ एच अशी आढळते. यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढील ६५ हा आकडा मिलिमीटरचा नव्हे, तर टक्क्यांचा आहे. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मि.मी. आहे, असा त्याचा अर्थ. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे द्योतक होय. या बांधणीत आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली तिचे एकस्व घेतले. पूर्वीच्या फियाट-पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असा मजकूर असे. तो तिरप्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचा आणि रुंदीही इंचात सांगणारा. १५ हा रिमचा व्यास आहे आणि तो अजूनही इंचातच दिला जातो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा संकर आहे. गणित शिकविणाऱ्यांना मात्र तो उपयोगी पडावा.

शेवटचे ८८ आणि एच हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात, आणि नेमके तेच अधिक जपण्यासारखे आहेत. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर ५६० किलोग्रॅमपर्यंत भार वाहू शकतो. ८७ असेल तर ५४५ आणि ८२ असेल तर ४७५ किलोग्रॅम. ‘एच’ म्हणजे ताशी २१० कि.मी. वेगमर्यादा, ‘टी’ म्हणजे १९०. आपण त्या वेगाने जाणार नाही हे खरे. परंतु वेगाची ही श्रेणी टायर किती उष्णता सहन करील याचीही निदर्शक असते. लग्नसराईत सात जणांच्या गाडीत नऊ जण आणि छपरावर सामान घेऊन निघालेल्या कुटुंबाने निदान भारांक तरी एकदा वाचावा.

चाक मोठे करावे काय?

अलीकडे मूळ रिम काढून मोठी चकचकीत रिम बसविण्याची हौस तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. यातील हिशेब सोपा आहे. वर दिलेल्या टायरचा पूर्ण व्यास काढावयाचा तर १५ इंचांचे ३८१ मि.मी. घ्यावेत आणि त्यात वरची व खालची बाजू मिळून २४०.५ मि.मी. मिळवावेत, उत्तर ६२१.५ मि.मी. येते. याऐवजी १९५/५५ आर १६ घातला तर ४०६.४ अधिक २१४.५, म्हणजे ६२०.९ मि.मी. दोन्ही व्यास जवळजवळ सारखे असल्याने वेगदर्शक फसणार नाही. परंतु कोणी २०५/६५ आर १६ घातला तर व्यास ६७२.९ मि.मी. होतो, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक वाढतो. काटा ८० दाखवीत असताना गाडी ताशी ८६ कि.मी.च्याही वर धावत असते, आणि वळताना टायर आतील पत्र्याला घासण्याचा संभव राहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले असेही नाही. १८५/६५ आर १५ मध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १२० मि.मी. रबर व हवा असते. १९५/५५ आर १६ मध्ये १०७, तर २०५/४५ आर १७ मध्ये अवघी ९२. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा हीच उशी धक्का झेलते. ती पातळ झाली की धक्का थेट रिमला बसतो, रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला गाठ येते. अशी गाठ म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण होय. तो टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाकावा लागतो. आमच्या मते, ज्यांचा अर्धा प्रवास ग्रामीण रस्त्यांवर होतो त्यांनी निर्मात्याने मान्य केलेल्या आकारांपैकी लहान रिम आणि उंच बाजू असलेला आकार निःशंकपणे पसंत करावा. तो स्वस्तही पडतो.

थंड देशांत लोक मुद्दाम असेच करतात. जर्मनी, स्वीडन किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे गेलेल्या आपल्याकडील आईवडिलांना घराच्या तळघरात किंवा गॅरेजात चार चाकांचा दुसरा संच ठेवलेला दिसतो आणि नवल वाटते. तो हिवाळी टायरांचा संच असतो. हवेचे तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि त्याची पकड घटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीवरील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी असे टायर प्रथम तयार झाले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर तसे टायर लागतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर तीन शिखरांत हिमकण असलेले चिन्ह असणे आवश्यक झाले आहे. हा हिवाळी संच पुष्कळदा एक इंच लहान रिमवर, थोडा अरुंद घेतला जातो, कारण अरुंद टायर बर्फात अधिक दाबाने रुततो. आपल्याकडे मात्र हे टायर आणण्याचे काही प्रयोजन नाही. निफाडची पहाट कितीही गारठलेली असली तरी दुपारी रस्ता तापतोच, आणि तापलेल्या रस्त्यावर मऊ रबर लवकर झिजते व ब्रेक लावल्यावर गाडी अधिक लांब जाऊन थांबते. जेथे जसा ऋतू तेथे तसा टायर, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा. आपला अवघड ऋतू पावसाळा आहे.

पाण्यावर तरंगणारे चाक

ओल्या रस्त्यावर टायरला प्रत्येक क्षणी समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. नक्षीतील खोल चर हे त्या पाण्याचे पाट होत. वेग वाढला किंवा चर उथळ झाले की पाणी निघून जाण्यास अवधी मिळत नाही. ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणू हलके लागते आणि ब्रेक दाबूनही काही घडत नाही. अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवरील प्रयोगांवरून १९६३ साली या वेगाचे एक सूत्र मांडले. हवेचा दाब दर चौरस इंचास जितके पौंड असेल त्याचे वर्गमूळ काढून त्याला १६.६५ ने गुणावे, म्हणजे तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. दाब ३६ असेल तर वर्गमूळ ६, आणि वेग सुमारे १००. दाब २५ वर उतरला तर वर्गमूळ ५, आणि वेग ८३. नक्षी झिजलेली असताना किंवा पाणी नक्षीच्या खोलीहून अधिक असताना हे सूत्र लागू पडते. मोटारीच्या बाबतीत तो अंदाजच समजावा आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी वेगाला धोका गृहीत धरावा. परंतु हवा कमी म्हणजे धोका अलीकडे आला, हे त्यावरून स्पष्ट दिसते. रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते, हेही येथेच नमूद करावेसे वाटते.

नव्या मोटार-टायरची नक्षी सामान्यतः ७ ते ८ मि.मी. खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटारीसाठी ती १.६ मि.मी.पेक्षा कमी असता कामा नये. चरांच्या तळाशी ठिकठिकाणी आडवे लहान उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याने संपला. पण पावसाळ्यात तोवर थांबू नये. चर ३ मि.मी.च्या आसपास आले की टायर बदलावा. मोजण्यासाठी शाळेतील पट्टीदेखील पुरते. स्वीडन व फिनलंडमध्ये हिवाळी टायरसाठी कायद्यानेच ३ मि.मी.ची मर्यादा आहे. मे महिन्यात चारही टायर एकदा मोजून घेतले तर जुलैतील पुष्कळशी चिंता मिटते.

एकदम चार टायर घेणे परवडत नाही आणि दोनच बदलावयाचे असतात, तेव्हा नवे टायर पुढे घालण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे. नवे टायर मागे घालावेत, मग इंजिनची ओढ पुढील चाकांना असली तरीही. पुढील चाके घसरली तर गाडी सरळ पुढे जाते आणि वेग कमी केला की बहुधा हाती येते. मागील चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकास ती सावरता येत नाही.

हवा आणि उन्हाळा

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटेल’ हा समज फार दृढ आहे. त्याने आजवर भले केल्याचे दिसत नाही. उन्हाने टायरमधील दाब वाढतो हे खरे. तापमान १० अंशांनी वाढले तर तो सुमारे दोन पौंडांनी वाढतो. निर्मात्याने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. याउलट हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वाकतो, वाकण्यातून आतल्या आत उष्णता निर्माण होते, आणि ती बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी अधिक घातक असते. समृद्धी महामार्गासारख्या, मोटारींना ताशी १२० कि.मी.ची मुभा असलेल्या काँक्रीट रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना कमी हवा, जादा भार आणि जुने रबर हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटतो. दोष रस्त्याला दिला जातो. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर योग्य दाबाची पट्टी चिकटवलेली असते. भरलेल्या गाडीसाठी तीत बहुधा निराळा आकडा असतो. दाब टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघतानाच तपासावा. वाटेत टायर तापल्यावर वाढलेली हवा काढू नये. नायट्रोजनचा आग्रह असेल तर हरकत नाही, मात्र साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर न वापरताही म्हातारा होतो. त्याच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातील उत्पादन. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदल, असे कित्येक उत्पादक सुचवितात. दुकानात टायर विकत घेतानाच हे चार आकडे पाहावेत, ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर कधी कधी दोन-तीन वर्षे गोदामात पडून असतो. आणि स्टेपनीचे आकडे तर अवश्य पाहावेत. ती कधी रस्त्याला लागलेलीच नसते, त्यामुळे तिची नक्षी कोरी दिसते, पण रबर गाडीइतकेच जुने झालेले असते. काही वाहनांत स्टेपनी मूळ चाकाहून लहान असते. तिच्यावर लिहिलेली ताशी ८० कि.मी.ची मर्यादा पाळून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच जावे. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी वाहनांत ट्यूबलेस टायर, दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच आहे, त्यांना २०२० पासून स्टेपनीची अट नाही. मात्र अशा संचाने टायरच्या तळव्यावरील लहान छिद्र बुजते, बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून असे वाहन घेऊन आडवळणाच्या गावी नियमित जाणाऱ्यांनी पूर्ण आकाराची स्टेपनी स्वतंत्रपणे घेऊन ठेवावी.