शनिवारचा सामना आणि संगणकाचे फासे

असे समजा की एका फुटबॉल संघाची सर्व जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली आहे. आज सोमवार आहे आणि सामना शनिवारी आहे. पंचवीस खेळाडू मैदानावर तुमची वाट पाहत आहेत. मधल्या दिवसांत त्यांच्याकडून तुम्ही काय करून घ्याल? बचावाची रचना घोटून घ्याल, की चढाईच्या हालचाली? कॉर्नर किकचा सराव कराल, की विश्रांती द्याल? सगळेच थोडेथोडे करू म्हटले तर कशालाच वेळ पुरत नाही. आणि सगळेच भरपूर करू म्हटले तर शनिवारी खेळाडू दमलेले असतात.

हा पेच जगभरातील लक्षावधी लोक संगणकासमोर बसून सोडवतात. त्या खेळाचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. यात तुम्ही चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, सराव आखायचा आणि मग सामना नुसता पाहायचा!

या प्रकारचे खेळ जुने आहेत. इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स यांनी १९८२ साली याच नावाचा एक खेळ बाजारात आणला. पुढे १९९२ साली पॉल व ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज बंधूंचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आला. त्यांच्या कंपनीची प्रकाशकाशी फारकत झाल्यावर जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने निघू लागला. त्यातील खेळाडूंविषयीचा माहितीसाठा इतका मोठा झाला की २००८ साली एव्हर्टन या इंग्लिश क्लबने नवे खेळाडू हेरण्यासाठी तो वापरण्याचा करार केला.

आकड्यांचा खेळाडू

संगणकाला खेळाडू कसा कळतो? अर्थात आकड्यांनी. वेग, दमसास, चेंडू देण्याचे कौशल्य, निर्णयशक्ती अशा प्रत्येक गुणाला १ ते २० यांमधील एक अंक दिलेला असतो. सामना सुरू झाला की क्षणोक्षणी संगणक प्रश्न विचारतो : हा पास पोचेल का? हा बचावपटू वेळेवर येईल का? उत्तर काढताना तो खेळाडूंचे अंक पाहतो आणि त्यांत यदृच्छ अंकांची भर घालतो. यदृच्छ अंक म्हणजे फाशावरच्या दानासारखे, आधी सांगता न येणारे आकडे. म्हणून चांगला खेळाडूही कधी चुकतो आणि दुबळा संघही कधी जिंकतो. मैदानावर तरी वेगळे काय होते?

आता सरावाचे पाहू. या खेळात सरावाचे मुख्यतः तीन परिणाम होतात आणि तिघांचे आयुष्य वेगवेगळे असते. खेळाडूचे मूळ गुण वाढतात, पण फार सावकाश; त्याला महिने लागतात. संघाला आपल्या डावपेचांची सवय होते. त्याला काही आठवडे लागतात. आणि सामन्याच्या तोंडावर केलेली खास तयारी – बचावाची रचना, चढाईच्या हालचाली, कॉर्नर व फ्री किक – पुढच्या सामन्यापुरता थोडासा फायदा देते. खास तयारीला जास्त वेळ दिला की तो दुसरीकडून कापला जातो. २०१८ च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीपासून तर आठवड्याचे वेळापत्रकच तुमच्या हाती असते : दिवसाला जास्तीत जास्त तीन सत्रे. आजची गरज आणि वर्षाची गरज यांची ही ओढाताण आहे. चाचणी परीक्षेपुरता अभ्यास करायचा की विषय पक्का करायचा, हा तुमचाही प्रश्न नाही का?

शरीराचा हिशेब

‘मग रोज तीन सत्रे घ्यावीत,’ असे कोणी म्हणेल. पण शरीर तसे ऐकत नाही. एका सामन्यात मैदानावरचा खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर काटतो. त्यासाठी स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन हे इंधन खर्च होते. तो साठा पूर्ववत व्हायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. शनिवारी खेळलेल्या खेळाडूला सोमवारी दामटणे म्हणजे अर्ध्या भरलेल्या टाकीवर मोटार लांबच्या प्रवासाला नेणे होय.

१९७० नंतरच्या दशकात कॅनडातील शास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर व त्यांचे सहकारी यांनी याचे एक सुटसुटीत गणित मांडले. सरावाने दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात : क्षमता आणि थकवा. खेळाडूची त्या दिवसाची तयारी म्हणजे क्षमता वजा थकवा. सराव थांबवला की दोन्ही ओसरू लागतात. पण थकवा लवकर ओसरतो आणि क्षमता उशिरा. या गणितात क्षमतेसाठी ४५ दिवस व थकव्यासाठी १५ दिवस असे काल नेहमी धरले जातात. म्हणजे तेवढ्या दिवसांत मूळच्या सुमारे ३७ टक्के भाग उरतो.

आकडे घालून पाहू. समजा, आज क्षमता १०० आणि थकवा ६० आहे. तयारी झाली ४०. सात दिवस सराव बंद ठेवला तर क्षमता सुमारे ८६ होते, थकवा सुमारे ३८ उरतो आणि तयारी ४८ वर जाते! सराव न करता तयारी वाढली. पण विश्रांती लांबवत नेली तर तिसाव्या दिवशी तयारी ४३ होते आणि पंचेचाळिसाव्या दिवशी ३४, म्हणजे मुळापेक्षाही कमी. मोठ्या सामन्याआधी जाणते प्रशिक्षक सराव बंद करीत नाहीत, पण हलका करतात, त्याचे मर्म यात आहे. अर्थात माणसामाणसांत हे काल वेगळे असतात.

एका टक्क्याची किंमत

कॉर्नर किकचा सराव केल्याने किती फरक पडावा? व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरपैकी साधारण तीन-चारच गोलांत संपतात. समजा, सरावाने हे प्रमाण ३ वरून ४ टक्के झाले. एका सामन्यात संघाला पाच कॉर्नर मिळतात असे धरा. कॉर्नरवर निदान एक गोल होण्याची शक्यता १४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या थोडी वर जाईल. शनिवारी बाकावर बसून हा फरक डोळ्यांना दिसेल का? मुळीच नाही. परंतु इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ वर्षाला ३८ सामने खेळतो. म्हणजे १९० कॉर्नर झाले. सरावाविना ५.७ गोल, सरावाने ७.६. जवळजवळ दोन गोल वाढले, आणि दोन गोलांनी एखादा संघ वरच्या स्पर्धेतून खाली जाण्यापासून वाचू शकतो.

येथेच खरी अडचण उभी राहते. जो फरक एका सामन्यात दिसत नाही, तो खरा आहे हे ओळखायचे कसे?

नाणे शिकते का?

तुमच्या वर्गातील ४० मुलांनी प्रत्येकी एक नाणे दहा वेळा उडवले असे समजा. गणित सांगते की त्यांपैकी सुमारे सात जणांना सात किंवा अधिक वेळा छापा मिळेल. आता या सात जणांनी नाणे उडवण्यापूर्वी त्याला फुंकर घातली असेल, तर ते काय म्हणतील? ‘फुंकरीने छापा पडतो!’ उरलेले तेहतीस जण गप्प बसतील. असे गैरसमज या खेळाच्या शौकिनांतही चटकन पसरतात. बचावाचा सराव घेतला, दोन सामने जिंकले, की झाला सिद्धांत तयार. खरे प्रशिक्षकही यातून सुटत नाहीत. मात्र त्यांच्या चुकीची किंमत खेळाडूंचे गुडघे आणि कधी त्यांची स्वतःची नोकरी यांना मोजावी लागते.

परंतु संगणकावर एक सोय आहे, जी कोणत्याही प्रशिक्षकाला नाही. सामन्यापूर्वीची सर्व स्थिती साठवून ठेवता येते. मग तोच संघ, तोच प्रतिस्पर्धी, तीच दुखापतींची यादी ठेवून तोच शनिवार शंभर वेळा खेळता येतो. पन्नास वेळा एक तयारी, पन्नास वेळा दुसरी. बाकी काहीही बदलायचे नाही. शास्त्रात याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. नवे औषध किंवा नवे खत यांची परीक्षा याच तत्त्वावर होते.

शंभर सामने तरी पुरतील का? जिंकण्याची शक्यता निम्मी असेल तर १०० सामन्यांत विजय ५० च्या आसपास पडतील, पण केवळ योगायोगाने पाचेक इकडेतिकडे सहज होतील. ४०० सामन्यांत २०० च्या आसपास दहाचा फरक होईल, म्हणजे अडीच टक्के. पाहा : चाचण्या चौपट केल्या तेव्हा अनिश्चितता निम्मी झाली. सूक्ष्म फरक पकडायचा असेल तर चिकाटी लागते.

मात्र एक गोष्ट विसरू नका. असा प्रयोग करून जे कळते ते त्या खेळाच्या आज्ञावलीविषयी कळते, खऱ्या फुटबॉलविषयी नव्हे. सरावाने किती फायदा द्यायचा, हे ती लिहिणाऱ्या माणसांनी ठरवलेले असते. त्यांचा अंदाज चुकला असेल तर दहा हजार सामने खेळूनही तीच चूक अधिक ठामपणे हाती येईल. पावसाच्या अंदाजाचे, साथीच्या फैलावाचे किंवा धरणातील पाण्याचे प्रतिमान पाहतानाही विचारावे : यात काय धरले आहे, काय सोडले आहे, आणि प्रत्यक्षाशी ते कोणी ताडून पाहिले आहे?

करून पाहा

यासाठी संगणक नको, फासा पुरे. वर्गात दोघादोघांच्या जोड्या करा. एकाचा संघ सराव न केलेला. फाशावर १, २ किंवा ३ पडले तर तो जिंकला. दुसऱ्याचा संघ सराव केलेला. १, २, ३ किंवा ४ पडले तर तो जिंकला. प्रत्येकाने दहा वेळा फासा टाकून विजय मोजावेत. फरक चांगला मोठा असूनही दहांपैकी सुमारे तीन जोड्यांत सराव केलेला संघ पुढे गेलेला दिसणार नाही! आता सर्व जोड्यांचे विजय फळ्यावर एकत्र मांडा. जे एकेका जोडीला दिसले नाही ते साऱ्या वर्गाला दिसेल. मग शिक्षकांना विचारा : दुसऱ्या संघाला ४ वरही विजय मिळतो हा नियम आपल्याला आधी सांगितला नसता, तर तो शोधून काढायला किती वेळा फासा टाकावा लागला असता?