विंचवाचं औषध, बीपीची गोळी

महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही घरात ओटीवर बसा आणि विंचवाचा विषय काढा. एक तरी गोष्ट निघतेच. कापणीच्या वेळी पेंढ्याचा भारा उचलताना कुणाला तरी चावलेला असतो. कुणी सरपणाच्या ढिगात हात घातलेला असतो, कुणी सकाळी न झटकता बूट चढवलेला असतो. माझी आजी पोलादपूर तालुक्यातली. तिच्या लहानपणी शेजारच्या घरातलं पोर संध्याकाळी विंचू चावला म्हणून रडत आलं आणि उजाडायच्या आत गेलं. सत्तर वर्षं होत आली, तरी ती हे कालच घडल्यासारखं सांगते.

याच आजीने मागच्या वर्षी बीपीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. चार महिने घरात कुणाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? कुठे दुखत नाही, खुपत नाही. उगाच कशाला गोळ्या गिळू?"

विंचवाची सत्तर वर्षांपूर्वीची भीती ताजी, आणि बीपीची आजची भीती शून्य! यावर काहीतरी लिहावं म्हणून वाचायला बसले, तर लक्षात आलं की या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. आणि जोडणारा धागा आपल्या महाडमध्येच आहे.

बिरवाडीचा तरुण डॉक्टर

१९७६ साल. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेला एक तरुण महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. नाव हिंमतराव बावस्कर. मूळ गाव जालना जिल्ह्यातलं, घरची परिस्थिती बेताची. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल.

बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचू चावलेले पेशंट यायला लागले. बरेचसे आधी मांत्रिकाकडे जाऊन आलेले. त्यातली काही धडधाकट माणसं आणि हसती-खेळती मुलं डोळ्यांदेखत जायची. तोंडाला गुलाबी फेस यायचा, श्वास लागायचा आणि खेळ संपायचा. पुस्तकात यावर धड उपचार नव्हता. विंचवाने माणूस मरतो का, यावरच शहरातल्या डॉक्टरांचा फारसा विश्वास नव्हता, कारण शहरात असे पेशंट येतच नव्हते.

बावस्करांच्या हाताशी लॅब नव्हती. पेशंट होते, स्टेथोस्कोप होता, बीपीचं मशीन होतं आणि वही होती. ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. चावल्यावर किती वेळाने घाम सुटला? उलटी कधी झाली? हातपाय कधी गार पडले? नाडी किती, बीपी किती?

त्या नोंदींमधून एक चित्र उभं राहिलं. जो पेशंट वेदनेने गुरासारखा ओरडत येतो, पण ज्याला बाकी काही होत नाही, तो अनेकदा वाचतो. सांभाळायचं ते दुसऱ्याला. दुखण्याची फारशी तक्रार नाही, पण दरदरून घाम फुटलाय, उलट्या होतायत, हातपाय बर्फासारखे गार आहेत. अशा पेशंटचं हृदय पुढच्या काही तासांत धोक्यात येऊ शकतं. ही धोक्याची पूर्वलक्षणं त्यांनी लिहून पाठवली आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो लेख छापून आला. जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात आपल्या महाड तालुक्यातल्या पेशंटच्या नोंदी!

गोळी आली कुठून?

धोका कुणाला हे कळलं, पण त्याला वाचवायचं कसं?

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवतं. त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचायला लागतं. तो गुलाबी फेस म्हणजे हेच. म्हणजे माणूस मरतो तो विष 'चढल्याने' नाही, तर आपल्याच शरीराने उठवलेल्या वादळाने.

मग त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? पुण्याहून एमडी करून बावस्कर पुन्हा याच भागात आले. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात असताना त्यांनी आधी सलाइनमधून द्यायचं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरलं. त्याचा उपयोग झाला, पण ते औषध म्हणजे तारेवरची कसरत. थेंब थोडे जास्त पडले तर बीपी कोसळणार. एक डॉक्टर पूर्ण वेळ पेशंटजवळ बसायला हवा. तालुक्याच्या दवाखान्यात हे रोज कसं जमणार?

तेव्हा बाजारात प्रॅझोसिन नावाची गोळी होती. जुनाट उच्च रक्तदाबाच्या पेशंटसाठी बनवलेली, स्वस्त आणि तोंडाने घ्यायची. रक्तवाहिन्या आवळणारा संदेश जिथे पोचतो, नेमकी तीच जागा ती अडवते. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या पेशंटना द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये हा उपचारही 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गंभीर दंश झालेल्यांपैकी पूर्वी तीस-चाळीस टक्के दगावायचे. प्रॅझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. विंचवावर शेवटी उतारा सापडला तो बीपीच्या गोळीत.

काम तिथेच थांबलं नाही. पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. तेव्हा प्रश्न आला, नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच ७० पेशंटवर रीतसर चाचणी घेतली. कुणाला कुठला उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे डॉक्टरच्या मनाचा कल मध्ये येत नाही. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्याच वेळात ८ जण. २०११ च्या सुरुवातीला हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

जो रोग ओरडत नाही

आता परत आजीकडे येऊ.

विंचू चावला की बोंब होते, अख्खी वाडी गोळा होते. बीपी आणि डायबिटीस यांचं तसं नाही. ते वर्षानुवर्षं गप्प राहून रक्तवाहिन्या, डोळे, किडनी आणि हृदय पोखरत राहतात. पेशंटला काहीच जाणवत नाही. विंचूदंशात ओरडणाऱ्यापेक्षा गप्प, गार पडलेला पेशंट जास्त धोक्यात असतो, हे बावस्करांच्या वहीने सांगितलं होतं. दीर्घकाळच्या आजारांमध्ये तर बहुतेक सगळेच पेशंट गप्प असतात!

मग ओळखायचं कसं? इथे बायोमार्कर हा शब्द येतो. सायन्सवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सोपं करून सांगते. बायोमार्कर म्हणजे शरीरातली अशी खूण, जी मोजता येते आणि जी आत काय चाललंय ते सांगते. बीपीचा आकडा ही सगळ्यात साधी खूण. रक्ताच्या, लघवीच्या तपासणीतल्या आणखी कितीतरी.

एचबीएवनसीचं उदाहरण घ्या. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखरेत भिजत असतात. साखर जास्त असेल, तर हिमोग्लोबिनला ती जास्त चिकटते. हे चिकटलेलं प्रमाण मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. आदल्या दिवशी गोड बंद करून रिपोर्ट 'चांगला' आणायची युक्ती इथे चालत नाही. डायबिटीसवाल्यांचं हिमोग्लोबिन वेगळं दिसतं, हे १९६८ मध्ये इराणमधले संशोधक सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आलं. आज गावोगावच्या लॅबमध्ये ही तपासणी होते. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर डायबिटीस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

किडनीची गोष्ट याहून गप्प. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेलं दिसतं, तोवर किडनीचं जवळपास निम्मं काम थांबलेलं असू शकतं. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन त्याच्या बरंच आधी इशारा देतं. बावस्करांनी या विषयातही लक्ष घातलं. महाराष्ट्रातल्या एका लहान गावात किडनी निकामी होण्याचा पिण्याच्या पाण्यातल्या जड धातूंशी संबंध दिसतो, हे त्यांनी २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आंध्रातला उद्दानम भाग, श्रीलंका, मध्य अमेरिका अशा ठिकाणी शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या का जातायत, यावर अजून वाद चालू आहेत. उष्णता, पाणी, कीटकनाशकं, की सगळं मिळून? तिथेही सुरुवात कुठल्यातरी डॉक्टरने 'आपल्याकडे असे पेशंट जास्तच येतायत' हे लिहून ठेवण्यापासूनच होते.

बारीक आहे म्हणून काय झालं?

"हे सगळं आजी-आजोबांचं, आपला काय संबंध?" असं वाटत असेल, तर घाट चढून पुण्याला जाऊ.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायला घेतली. पुढे जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये जे कमी होतं, ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीवाली. अशी शरीरं पुढे डायबिटीसकडे लवकर झुकतात.

याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच मार्क देतो, शरीर मात्र वेगळंच सांगतं. तेव्हा कॅन्टीनमध्ये वडापाववर वडापाव हाणून 'मला काय होतंय, मी तर बारीक' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस असल्याचा अंदाज आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के लोकांना. म्हणजे तुमच्या घरात चार मोठी माणसं असतील, तर एखाद्याचा नंबर यात लागलेला असायची बरीच शक्यता आहे, आणि त्याला ते ठाऊक नसायचीही.

वही आपल्याकडेही असते

बावस्करांची गोष्ट आपल्याकडे 'गरिबीतून वर आलेला डॉक्टर' म्हणून सांगितली जाते. ती खरीच आहे. पण मला त्यातली वही जास्त आवडली. संशोधन म्हणजे पांढरा कोट, काचेची नळी आणि परदेशातली युनिव्हर्सिटी, असं आपण धरून चालतो. इथे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एका माणसाने समोरचा पेशंट नीट बघितला, वेळ लिहिली, आकडा लिहिला. दुसऱ्या पेशंटशी ताडून बघितला. बाकीचं त्यातून पुढे आलं.

बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी करणाऱ्यांना तर हे थेट लागू पडतं. पण कला आणि कॉमर्सवालेही घरापुरतं करू शकतात. ३० वर्षांवरच्या माणसांची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात, तेव्हा "आमच्याकडे सगळे ठणठणीत" म्हणून त्यांना दारातून वाटेला लावू नका. आई-बाबांना घेऊन जा. आकडा तारखेसह लिहून ठेवा. एका आकड्याने घाबरायचं नाही, पण एकाच बाजूला सरकणारे चार आकडे दिसले तर डॉक्टरांना दाखवायचे. गोळी चालू करणं किंवा बंद करणं हे काम त्यांचं.

आमच्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, दर रविवारी आजीचं बीपी लिहिलं जातं. पहिल्या रविवारी वरचा आकडा १७८ होता. आजीला तो आकडा काही कळला नाही. मग मी तिला सांगितलं, की विंचू चावल्यावर रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं, आणि इथल्याच एका डॉक्टरने बीपीच्या गोळीने त्या सैल करून माणसं वाचवली. तुझ्या डब्यातली गोळी वेगळी आहे, पण तीही रक्तवाहिन्याच सैल करते.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला रोज थोडा थोडा विंचू चावतोय, आणि मी ओरडत नाहीये."

गोळ्या चालू आहेत. गेल्या रविवारचा आकडा १३६.